आईच्या लग्नाची तारीख

माझ्या बापानं माझ्या आईला फसवलं आणि तो सौदा मी जमवून दिला. तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि दोघांचंही भलं करते आहे अशी माझी खात्री होती. यात तिसरा माणूस म्हणजे आमच्या चर्चचे मोठे फादर. त्यांनी फसवलं की नुसतेच गप्प बसले, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी तीस-पस्तीस वर्षं ताडपत्रीचा धंदा करते आहे. समोरचा माणूस माल दाखवताना फाटकी बाजू आत घडी करून ठेवतो, ती घडी मी बोटानं उलटवून बघते. त्या एका वेळी उलटवली नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो नक्की कोणावर आहे तेही मला धड सांगता येत नाही.

आम्ही नागपूरजवळच्या वाडीत राहायचो, अमरावती रोडवरून आत, गोदामांच्या मागच्या भाड्याच्या खोल्यांत. दोन खोल्या, पुढे अंगण. अंगण आमचं नव्हतं, पण आईनं ते घेतलं होतं. ट्रकांच्या फाटलेल्या ताडपत्र्या तिथे पसरलेल्या असायच्या आणि आई त्यांच्या मधोमध बसून दाभणानं ठिगळं शिवायची. दाभण आत जाताना आवाज नसायचा. मेण लावलेली सुतळी मागून ओढली की खस्स असा आवाज यायचा. मी त्या आवाजावर अभ्यास केला आहे. तो थांबला की मान वर करायची, कारण आई थांबली म्हणजे एक तर चहा पाहिजे, नाहीतर कोणी ड्रायव्हर भावासाठी घासाघीस करतो आहे. ते काम माझ्याकडे होतं. आई शिवायची, भाव मी करायची. बारा वर्षांच्या पोरीशी वाद घालताना मोठ्या माणसाला लाज वाटते, हे मला फार लवकर कळलं होतं आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. उन्हाळ्यात ताडपत्री तापली की डांबरासारखा वास घरभर भरायचा, भाकरीलासुद्धा तोच वास यायचा. आज माझ्या दुकानात चार माणसं मशीनवर शिवतात, पण त्या वासानं मला अजून भूक लागते.

बाबा बेकरीत भट्टीवर होते. ते मूळचे जालन्याकडचे, कॅथोलिक घरातले. भट्टीचं काम शिकत शिकत नागपूरला आले आणि इथलेच झाले, बोलायलासुद्धा इथलंच लागले. दुपारी घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांत मैदा असायचा. सोबत कागदाच्या पुडीत तुटके टोस्ट. सबंध टोस्ट आम्ही कधी खाल्ला नाही आणि मला तो आवडतही नाही. तुटक्याच्या कडेला जी जास्त भाजलेली खर असते ती त्याला नसते. आईबाबांची ओळखही त्या तुटक्या टोस्टांवरच झाली. आई तेव्हा कमल नावाची, सातवी शिकलेली, बौद्ध घरातली मुलगी. तिच्या आजोबांनी नागपुरात दीक्षा घेतली होती आणि ती गोष्ट त्यांच्या घरात रोजच्या भाजीसारखी निघायची. ती बेकरीत टोस्ट घ्यायला जायची आणि भट्टीवरचा अंतोन तिला तुटके म्हणून सबंध बांधून द्यायचा. पुढे त्यांचं लग्न झालं ते विहारात. भंतेजींसमोर, त्रिशरण-पंचशील म्हणून, पांढऱ्या कपड्यांत. त्याचा फोटो आमच्या पत्र्याच्या पेटीत होता. आई पांढऱ्या साडीत, बाबांच्या गळ्यात हार, आणि बाबांचं तोंड असं जणू कोणी आता त्यांना बाहेर काढणार आहे.

भिंतीवर दोन तसबिरी होत्या. एक बुद्धाची, एक येशूच्या पवित्र हृदयाची. बाबांनी येशूचा खिळा दोन बोटं वर मारला होता. आईनं तो उपटून बरोबर बुद्धाच्या रेषेत मारला, आणि भिंतीला पडलेलं जुनं भोक आम्ही तिथे राहत होतो तोवर तसंच राहिलं. आमच्याकडे नाताळाला करंज्या व्हायच्या आणि धम्मचक्र दिनाला आम्ही तिघं डब्यात वडाभात घेऊन दीक्षाभूमीवर जायचो. मे महिन्यात, विहारातल्या लग्नाच्या दिवशी, बाबा बेकरीतून क्रीमरोल आणायचे. तीनच, सबंध, खोक्यात. त्या दिवशी आई दाभण हातात घ्यायची नाही. एवढ्या वर्षांत मी तिला त्याच एका दिवशी पाय पसरून बसलेलं पाहिलं.

रविवारी बाबा मला चर्चमध्ये मिस्सेला, सामुदायिक प्रार्थनेला, न्यायचे. आई यायची नाही. माझा बाप्तिस्मा झाला होता, ते तिनंच कबूल केलं होतं. पण स्वतः ती दारापर्यंतही आली नव्हती. आम्ही सगळ्यात मागच्या बाकावर बसायचो. मधे जागा असली तरी मागेच. फादर प्रसाद, म्हणजे ती पातळ पांढरी भाकर, घेऊन खाली यायचे, लोक उठून रांग लावायचे आणि बाबा बसून राहायचे. सगळं चर्च उभं आणि माझा बाप बसलेला. मी विचारलं तर म्हणायचे, "गुडघा दुखते, बेटा." मैद्याची पोती खांद्यावर घेऊन जिना चढणारा माणूस. मी ते मानलं, कारण बाप खोटं बोलू शकतो हे तेव्हा माझ्या हिशेबात नव्हतं. पहिल्या प्रसादानंतर मी एकटी रांगेत जायची आणि परत येताना पाहायची, ते डोळे मिटून, ओठ हलवत बसलेले असायचे.

मग दृढीकरणाचा, म्हणजे लहानपणीचा बाप्तिस्मा बिशपच्या हातून पक्का करण्याच्या विधीचा, वर्ग सुरू झाला. बिशप येणार होते, पांढरे फ्रॉक शिवायला टाकले होते. वर्गात एक मुलगी होती, तिचं नाव मी लिहीत नाही कारण ती आता आजी आहे आणि तिची ताडपत्री माझ्याकडूनच जाते. ती म्हणाली, "तुझे बाबा प्रसाद का घेत नाहीत सांगू? त्यांचं लग्नच झालेलं नाही." मी तिला धर्मशिक्षणाचं पुस्तक तोंडावर मारलं. घरी येऊन पेटीतला फोटो काढून पाहिला. लग्न झालेलं होतं. भंतेजी दिसत होते, मागे मामा उभे होते. मला काही कळेना. झालेलं लग्न झालेलं नाही, असं कसं असतं? फाटलेली ताडपत्री फाटलेली असते, शिवलेली शिवलेली असते.

मी थेट मोठ्या फादरांकडे गेले. ते दक्षिणेकडचे, वयस्क, मऊ माणूस. त्यांचं मराठी पुस्तकातलं होतं. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं.

"फिलोमिना, विवाह हे पाचारण आहे," ते म्हणाले. "मला जसं देवानं फादर व्हायला बोलावलं, तसं नवरा-बायकोला एकमेकांकडे बोलावलं जातं. आणि हा एकच संस्कार असा आहे की जो फादर देत नाही. वर वधूला देतो, वधू वराला देते. मी फक्त साक्षीदार."

"मग त्यांनी दिलाय की एकमेकांना," मी म्हटलं. "फोटो आहे."

ते हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, "कॅथोलिक माणसाला तो चर्चच्या साक्षीनं द्यावा लागतो. तुझ्या वडिलांनी तसं केलं नाही, म्हणून त्यांना प्रसाद घेता येत नाही."

"आणि आईनं?"

"तुझ्या आईनं काहीही चूक केलेली नाही."

"मग तिचं लग्न झालंय ना?"

त्यांनी चष्मा काढून झग्याला पुसला. "तिच्या मनानं झालेलं आहे," असं म्हणाले.

मी बाहेर आले ती डोकं भणभणत. बाबांनी चूक केली, आईनं केली नाही, पण लग्न दोघांचं एकच. एकाच कापडाचं हे टोक फाटकं आणि ते टोक धड. मी आज साठीकडे आले, धर्मावरची बरीच व्याख्यानं ऐकली, आणि मनानं झालेलं लग्न म्हणजे काय ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. मी मनानं जन्मलेली नाही, दवाखान्यात जन्मले आहे.

घरी तो विषय मी जेवताना काढला. अंबाडीची भाजी होती. बाबांचा घास हातातच राहिला. मग ते आईकडे न बघता म्हणाले, "फादर म्हनते का आपलं चर्चात करून घेऊ. तिचा धर्म नाही बदलावं लागत. बिशपची परवानगी येते."

"काय करून घेऊ?" आईनं विचारलं.

"लगन."

आई हसली. खरंच हसली, ठसका लागेपर्यंत. "सोळा वर्षांपासून मी तुमच्यासंग भांडून राहिली, ते काय मंग फुकटात? पोरगी चवदा वर्षांची झाली आन मले आता नवरी बनवता?"

"अवं, नियम आहे तो. दुसरा रस्ताच नाही. फादरनं साफ सांगतलं."

"तुमी विहारात उभे राहिले तवा कोन्ता नियम होता?"

"तवा मी जवान होतो."

"आन मी म्हातारी होती का?" आई म्हणाली. ताट उचलून मोरीकडे गेली.

दुसरा रस्ताच नाही. हे शब्द मी इथे मुद्दाम लिहून ठेवते. मी ते माझ्या कानांनी ऐकले आणि पुढचे आठ दिवस तेच घेऊन आईच्या मागे फिरले. बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "तूच सांग तुह्या मायले. माह्यं नाही आयकत ते. तुह्या दृढीकरनाले मले रांगेत उभं राहाचं आहे, फिलू." बिशप समोर, मी पांढऱ्या फ्रॉकमध्ये, आणि बाबा रांगेत. ती मुलगी बघते आहे. मला एवढंच पाहिजे होतं. आईला काय पाहिजे हे मी विचारलंच नाही. ती कोणत्या अटीवर तयार होईल तेवढंच शोधत बसले. भाव करणाऱ्या माणसाची ही खोड आहे, माझ्यात ती जन्मापासून असावी.

आई अंगणात मोठ्या ताडपत्रीवर बसली होती. मी सुतळीला मेण लावून देत होते.

"आई, ते लग्न नाही गं. फक्त आशीर्वाद आहे. तू जे केलं त्याच्यावर ठप्पा."

"कोन म्हनते?"

"फादर."

फादर असं म्हणाले नव्हते. ते काय म्हणाले होते ते मला समजलंच नव्हतं, आणि जे समजलं नाही त्यातून मी मला उपयोगी तेवढं कापून घेतलं. मी त्यांचे सोळा शब्द ऐकले असतील तर आईकडे चार नेले, तेही माझे.

आईनं टाका ओढला. खस्स. "मले बाप्तिस्म्याचं पानी नाही लावाचं."

"नाही लावणार."

"नाव नाही बदलाचं. मी कमलच राहीन."

"हो."

"दीक्षाभूमीवर जानं बंद नाही होनार. तू बी येशील."

"येईन."

"आन तिथं कोनी म्हनलं का आज लगन झालं, त मी उठून घरी येईन. मंग तुह्या बापाची इज्जत जावो नाही त राहो."

"कोणी नाही म्हणणार," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. ड्रायव्हरला मी शेवटचा भाव सांगते तेव्हा आई माझ्याकडे असंच बघायची, मी भाव वर न्यायला हवा तिथे खाली तर आणत नाही ना म्हणून. मग म्हणाली, "तू सांगून राहिली म्हनून." आणि पुढचा टाका घातला.

ते झालं एका शनिवारी सकाळी. चर्चमध्ये आम्ही तिघं, फादर, आणि साक्षीदार म्हणून बेकरीतला एक जण आणि वर्गावरच्या सिस्टर. बाकीची बाकं रिकामी. आई हिरव्या छापील साडीत आली होती. मी पेटीतली पांढरी काढून ठेवली होती, ती तिनं तशीच परत घडी करून आत टाकली. म्हणाली, "ते एकदाच नेसाची असते." तिच्या बोटांच्या पेरांत मेणाचा काळपट रंग होता, तो कधीच जायचा नाही. ती पहिल्यांदा चर्चमध्ये आत आली आणि वर छताकडे बघत राहिली. माझ्या कानात म्हणाली, "इथं आवाज लय घुमते वं." बाबा इतके ताठ उभे होते की मला वाटलं पडतील.

फादरांनी आधी विचारलं, इथे स्वखुशीनं आलात का, कोणी जबरदस्ती तर केली नाही ना. बाबा हो म्हणाले. आई म्हणाली, "सोळा वर्षांपासून आली आहे." सिस्टरांनी तोंडावर रुमाल धरला. फादर थांबले, त्यांनी तोच प्रश्न पुन्हा, हळू विचारला. मग म्हणाले, "कमल, तू अंतोनला आपला पती म्हणून स्वीकारतेस का?"

स्वीकारतेस. आता, या क्षणी. मी पहिल्या बाकावर होते. आईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. जणू तिला कोणी अनोळखी भाषेत पत्ता विचारला होता आणि मला तो कळला असेल म्हणून ती वाट बघत होती. मी खाली पाहिलं. फरशीवर एक मुंगी जात होती, ती मला आजही दिसते. बाबांनी उजवा हात पुढे धरला होता, भट्टीच्या चटक्यांचे पांढरे डाग असलेला. आई त्या हाताकडे बघत म्हणाली, "हो."

मला वाटलं संपलं. मग सही करायला आम्ही आतल्या खोलीत गेलो. जाडजूड वही होती, रकाने छापलेले. बाबांनी न वाचता सही केली. आईनं वाचलं. ती सगळं वाचायची, सातवीपर्यंतचं शिक्षण तिनं वाया जाऊ दिलं नव्हतं. तिचं बोट एका रकान्यावर थांबलं.

"हे आजची तारीख काहून आहे?"

"विवाहाचा दिवस," फादर म्हणाले.

"लगन आज झालं?"

"चर्चच्या दृष्टीनं, हो. आज."

आता ती उठेल, घरी जाईल. तिनं सांगितलंच होतं. ती उठली नाही. पेन घेतलं आणि अक्षर अक्षर करत पूर्ण नाव लिहिलं, आणि वहीवर फुंकर मारून बाजूला सरकवली. बाहेर आल्यावर बाबा सगळ्यांना केक वाटत होते. आई माझ्याजवळ आली आणि फार शांतपणे म्हणाली, "आज लगन झालं म्हने. मंग तू कवा झाली?"

बाबांनी ऐकलं. "काय बोलून राहिली?"

"काही नाही. तुमच्या चर्चात एक कुमारी माय होती, आता दोन झाल्या."

बाबांच्या हातातला केक खाली पडला. ते तिच्यावर ओरडले, माझ्या आठवणीत एकदाच. तिनं केक उचलून कागदात गुंडाळला.

पुढच्या महिन्यात माझं दृढीकरण झालं. बिशप आले, फ्रॉक काखेत टोचत होता. प्रसादाच्या वेळी बाबा उठले. मागच्या बाकावरून पुढेपर्यंत किती लांब आहे ते मला त्या दिवशी कळलं. त्यांनी जीभ बाहेर काढली तेव्हा त्यांचे डोळे गच्च मिटलेले होते आणि गालावरून पाणी वाहत होतं, भुवईत नेहमीसारखा थोडा मैदा होता. मी त्या मुलीकडे पाहिलं. ती जांभई देत होती. मला वाटलं होतं मी खूश होईन. मी झालेही असेन. पण घरी आल्यावर आईनं, कसं झालं, असं विचारलं तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघू शकले नाही.

मे महिना आला. बाबा दुपारी क्रीमरोलचं खोकं घेऊन आले. आई शिवत होती. थांबली नाही.

"आज कायचा दिवस आहे?" तिनं विचारलं.

बाबा दारात उभे. "कमल."

"नाही, सांगा न. मले आठवत नाही. लगन त आपलं हिवाळ्यात झालं. वहीत लिवलं आहे."

बाबांनी खोकं फळीवर ठेवलं. कोणी उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याला मुंग्या लागल्या आणि मी ते बाहेर टाकलं. पुढच्या वर्षी बाबांनी आणलं नाही. त्यानंतर कधीच आणलं नाही. हिवाळ्यातल्या त्या तारखेला त्यांनी एकदा आणून पाहिलं, तर आईनं एक रोल खाल्ला, चांगला आहे म्हणाली, आणि पाय न पसरता परत कामाला बसली. त्या दिवसापासून कोणी विचारलं, किती वर्षं झाली लग्नाला, की ती चर्चपासून मोजायची. शेजारणींना, नर्सला, माझ्या सासूला. ज्यांना मोजता यायचं ते माझ्या वयाकडे बघायचे. माझ्या लग्नाच्या बोलण्यांत माझ्या सासूनं बघितलं होतं. मी चिडायची, भांडायची, आईला म्हणायची, तू मुद्दाम करतेस. ती म्हणायची, "मी काहून मुद्दाम करीन? वही तुमची, फादर तुमचे. मी त तुमचं मानून राहिली."

ती बाबांशी वाईट वागली असं मात्र नाही. त्यांच्या शेवटच्या आजारात तिनं त्यांना लहान लेकरासारखं सांभाळलं, फादरांना प्रसाद घेऊन घरी बोलवायची तीच. बाबा गेले तेव्हा मी त्यांच्या बाजूनं होते. मला वाटायचं नियमच तसा होता, बिचाऱ्यानं काय करावं, आणि आईनं एका तारखेसाठी एका भल्या माणसाला आयुष्यभर तोडलं. हे मी कितीतरी वर्षं मानलं. तिला बोलूनही दाखवलं.

मागच्या वर्षी माझ्या मुलीनं कोर्टात लग्न केलं. मुलगा उमरेडचा, विणकर घरातला, हिंदू. चांगला आहे, पण चर्चमध्ये उभा राहणार नाही म्हणाला. मी चिडून आमच्या त्याच जुन्या चर्चच्या आत्ताच्या फादरांकडे गेले. हे तरुण आहेत, मोबाइल टेबलावर उलटा ठेवून बोलतात. मी तयारीनं गेले होते, काय मागायचं, कुठवर उतरायचं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मावशी, तो येत नसेल तर नाही येऊ दे. लग्न मुळातून दुरुस्त करता येतं. बिशप कागदावर मंजूर करतात. त्यांना पुन्हा वचनं द्यावी लागत नाहीत, समारंभ नाही, काही नाही. आणि ते लग्न पहिल्या दिवसापासूनच धरलं जातं."

"पहिल्या दिवसापासून?"

"कोर्टातल्या दिवसापासून, हो."

"हे नवीन निघालं का?"

"नाही, नाही. जुनंच आहे. तुमच्या लहानपणीही होतं."

मग आईबाबांचे जुने कागद बघायचेत म्हटलं. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, कपाटातून पाकीट काढून दिलं. त्यात परवानगीचा अर्ज होता आणि मागे मोठ्या फादरांच्या अक्षरात चार ओळी. पतीला दोन्ही मार्ग समजावून सांगितले. पत्नीच्या उपस्थितीशिवायही दुरुस्ती शक्य असल्याचं सांगितलं. पतीची इच्छा, विवाह चर्चमध्ये पत्नीसह व्हावा. खाली बाबांची सही. बाबा 'अ' काढताना डोक्यावरची रेघ विसरायचे, तशीच.

"आता तसं करता येतं का?" मी विचारलं. "आईची ती सोळा वर्षं धरता येतात का?"

"आता कशाला?" ते म्हणाले. "लग्न वैधच आहे ना. बरं झालेल्याला औषध काय द्यायचं? आणि तसंही, आजीचा बाप्तिस्मा नसल्यामुळे ते वैध आहे, पण तसं बघितलं तर संस्कार नाही." हे त्यांनी मला धीर द्यायला सांगितलं.

मग ते होतं तरी काय? विहारातलं लग्न नव्हे, चर्चमधलं आहे पण संस्कार नाही. दोन वेळा उभी राहिली ती बाई, आणि हातात काय आलं?

बाबांनी ते का केलं असावं, यावर मी महिनाभर डोकं फोडलं आहे. कधी वाटतं, ते तिच्या माणसांत उभे राहिले होते, तिनं त्यांच्या माणसांत उभं राहावं, एवढीच अदलाबदल हवी असेल. ती खोटी मागणी नाही. फोटोतलं त्यांचं घाबरलेलं तोंड आठवलं की मला त्यांची कीवही येते. पण मग नियमाच्या आड का लपलात? दुसरा रस्ताच नाही असं का म्हणालात? रस्ता होता, तुम्हाला माहीत होता, आणि खाली तुमची सही आहे.

आई आता माझ्याजवळ हुडकेश्वरला असते. डोळे अधू झालेत, पण ताडपत्री आणली की अजून अंगठ्याच्या नखानं शिवण तपासते आणि माझ्या कारागिरांना शिव्या घालते. मी तिला सगळं सांगितलं. त्या चार ओळी उतरवून आणल्या होत्या, त्या वाचूनही दाखवल्या.

"म्हंजे मी न जाताबी झालं असतं?"

"हो."

"आन त्याच दिवसापासून धरलं असतं? विहारातल्या?"

"त्याच दिवसापासून."

ती चादरीची किनार नखानं चाचपत राहिली. मला वाटलं रडेल, किंवा मला शिव्या देईल, मी त्या घ्यायला तयार होते. "त्यानं इचारलं असतं त मी आली असती वं," ती म्हणाली. "कमल, माह्यासाठी एकदा उभी राहा. एवढंच. इचाराले काय झालं होतं?" आणि थोड्या वेळानं, "मंग आता कवापासून मोजू?"

भाव करायला मी कोणाला हार जात नाही, पण त्या दिवशी मी तो उतरवलेला कागद नुसता घडी करून ठेवला.

माझा वाटा मी कबूल करते. जे फादर बोलले नव्हते ते मी त्यांच्या तोंडी घातलं, आणि आईनं वळून पाहिलं तेव्हा मी मुंगी बघत होते. बाबा उत्तर द्यायला नाहीत. मोठे फादरही नाहीत. दोन मार्ग नवऱ्याला सांगितले, मग बायकोला एक तरी का सांगितला नाही, हे मी त्यांना विचारलं असतं. पण ती वही आहे, ते पाकीट आहे आणि मोठ्या फादरांच्या खुर्चीवर आज कोणीतरी बसतं. त्यानं यावं. मला चिठ्ठी नको, प्रवचन नको, वैध आणि संस्कार यांतला फरक मला नको. हुडकेश्वरला यावं, माझ्या आईसमोर बसावं आणि तिला कळेल अशा भाषेत सांगावं की ती सोळा वर्षं, ताडपत्रीवर बसून, त्या माणसासाठी भाकऱ्या थापत, मला वाढवत, ती कोणाची कोण होती. ती दुपारी जागी असते. तिच्या समोर मी खुर्ची टाकून ठेवली आहे.